शिवडीच्या गॅलरींत हॉपची वेल



गेल्या महिन्यांत शिवडीहून एका भगिनीचें पत्र मला आलें. पत्र लांब आहे. त्यांतील कांहीं भाग केवळ घरगुती असल्यामुळें तो सोडून देतों. मुद्द्याचा भाग असा कीं, या बाईंचे सासरे लालबागच्या एका गिरणींत कामाला होते. पगाराच्या दिवशीं घरीं येतांना ते वाटेवरच्या गुत्त्यांत थांबत, आणि पगार घरीं पोंचे तेव्हां तो निम्मा झालेला असे. सासूबाईंनीं खानावळ चालवून चार मुलें वाढविलीं. त्या घरांत आजही दारूचें नांव निघत नाहीं. आणि आतां त्याच घरचा नातू, सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतलेला, म्हणतो कीं, आपल्या नव्या इमारतीच्या गॅलरींत मी हॉपची वेल लावणार आणि तिच्या फुलांवर घरच्या घरीं बिअर करणार. बाई विचारतात : ही वेल भांगेसारखी मादक आहे काय? ती आपल्या हवेंत जगेल काय? आणि मुलाला मीं हो म्हणावें कीं नाहीं?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर परक्या माणसानें देऊं नये. पहिल्या दोहोंचीं मात्र देतां येतील, आणि तीं नीट दिलीं तर तिसऱ्याचें ओझें कांहींसें हलकें होईल, अशी मला आशा आहे.

प्रथम वेलीचीच ओळख करून घेऊं. हॉप ही उत्तरेकडील थंड मुलखांतील वेल आहे. तिचीं मुळें वर्षानुवर्षें जमिनींत जिवंत राहतात. वरचा विस्तार मात्र दर हिवाळ्यांत वाळून जातो. वसंतांत नवे कोंब फुटतात आणि उन्हाळा सरेपर्यंत वीस-पंचवीस फूट उंच चढतात. ऐन भरांत ही वेल दिवसाकांठीं वीतभर वाढते, म्हणजे सकाळीं पाहिलेली वेल संध्याकाळीं ओळखूं येऊं नये असा प्रकार. काकडी-दोडक्याच्या वेलींना असतात तसे तणावे हिला नसतात. देठावरच्या आंकड्यांसारख्या राठ केसांनीं ती दोरी धरते आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनें तिच्याभोवतीं फेर घेत वर जाते. नर वेल निराळी व मादी वेल निराळी असते. उपयोग असतो तो मादी वेलीचा. तिच्या फुलोऱ्यापासून कागदासारख्या हलक्या पापुद्र्यांचा, बोटाच्या पेराएवढा हिरवा शंकु तयार होतो. पापुद्रा उचलून पाहिला तर त्याच्या बुडाशीं पिवळी, चिकट, उग्र वासाची धूळ दिसते. हिला ल्युप्युलिन म्हणतात. जगांतले हॉपचे सारे मळे, सारा व्यापार, या चिमूटभर धुळीसाठीं आहे.

आतां भांगेची शंका. बाईंनीं ती कोठून उचलली हें मी समजूं शकतों, कारण वनस्पतिशास्त्रज्ञ हॉप व भांग यांना एकाच कुळांत घालतात. परंतु कूळ एक म्हणून गुण एक असें होत नाहीं. बटाटा आणि धोत्रा हेही एकाच कुळांतले आहेत, आणि बटाट्याची भाजी आपण उपवासाला खातों. भांग-गांजांत जें मादक द्रव्य असतें तें हॉपमध्यें नाहीं. हॉपला थोडासा झोंप आणणारा गुण आहे, असें युरोपांतले लोक फार दिवस मानीत आले आहेत. निद्रानाशावर तेथें हॉपचे शंकु भरलेली उशी देत असत. बेल्जममध्यें तर वसंतांतले कोंवळे कोंब भाजी म्हणून खातात.

मग बिअरमध्यें या वेलीचें काम कोणतें? आपल्याकडे लहान मुलांसाठीं नाचणी भिजवून, तिला मोड आणून, वाळवून सत्त्व करतात, तें सर्व गृहिणींना ठाऊक आहे. बिअरची सुरुवात त्याच रीतीनें होते. धान्य मात्र जव, म्हणजे सातू, असतें. मोड येतांना दाण्यांत जे पाचक रस तयार होतात ते पुढें ऊन पाण्यांत पिठूळ भागाची साखर करतात. हें गोड पाणी गाळून उकळतात, निवल्यावर त्यांत यीस्ट घालतात, आणि यीस्ट साखर खाऊन मद्यार्क व वायु उत्पन्न करतें. मादकता येते ती येथून, हॉपमधून नव्हे. हॉप त्या उकळत्या पाण्यांत टाकतात तो दोन कारणांसाठीं. आरंभीं टाकलेला हॉप तासभर उकळला म्हणजे त्यांतील आम्लांचें रूप पालटून कडवटपणा उतरतो. शेवटीं टाकलेल्या हॉपचा सुगंध राहतो, कारण त्यांतील सुवासिक तेलें फार वेळ उकळल्यास उडून जातात. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. हा कडू अंश पेय नासविणाऱ्या कित्येक जंतूंना वाढूं देत नाहीं. जर्मनींतील विदुषी हिल्डेगार्ड हिनें बाराव्या शतकांतच हॉपचा हा टिकविण्याचा गुण लिहून ठेवला होता. बव्हेरियाच्या १५१६ सालच्या प्रसिद्ध नियमानें तर बिअरमध्यें जव, हॉप आणि पाणी यांवांचून कांहीं घालूं नये असें ठरविलें.

टिकणें ही गोष्ट येथें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, तिच्याच योगानें हॉप मुंबईला आला. वेल होऊन नव्हे, पिंपांत बसून आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेकडील बो येथील हॉजसन यांच्या भट्टींतील बिअर कंपनी सरकारच्या जहाजांवरून हिंदुस्थानांत येऊं लागली. आफ्रिकेला वळसा घालून येणारा हा प्रवास चार-सहा महिन्यांचा, आणि त्यांत विषुववृत्त दोनदां ओलांडावें लागे. एवढ्या उन्हातान्हांतून पेय शाबूत यावें म्हणून त्यांत नेहमींपेक्षां पुष्कळ अधिक हॉप घालीत. ‘इंडिया पेल एल’ हें आज मोठ्या हौसेनें उच्चारलें जाणारें नांव त्या व्यापारांतून निघालें. या मुंबई बेटांत मात्र त्याच काळीं निराळ्याच झाडाचें राज्य होतें. माहीम-दादरकडचीं माडांचीं वनें प्रसिद्ध होतीं, आणि भंडारी लोक सकाळ-संध्याकाळ माडावर चढून पोगी छेदीत व मडकें उतरवीत. सूर्योदयापूर्वीं उतरविलेली नीरा गोड असते. हवेंतले यीस्ट आपणहून तिच्यांत शिरतात, दुपारपर्यंत तिची माडी होते, आणि दोन-चार दिवस ठेवली तर शिरका. मोड आणावयास नकोत, उकळावयास नको, यीस्ट विकत आणावयास नको. परंतु टिकवितांही येत नाहीं. हॉपनें बिअर टिकाऊ केली म्हणून ती समुद्रापार विकतां आली; माडी ज्या गांवची त्याच गांवांत त्याच दिवशीं संपली. परक्या पेयाचा व्यापार वाढावा आणि घरचें पेय झाडाखालींच राहावें, याला इतर कारणें आहेतच (१८७८ च्या अबकारी कायद्याखालीं झाडागणिक घेतला जाणारा कर हें त्यांतलें एक), पण हें साधें रासायनिक कारण विसरूं नये.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर तो येथेंच पुरा करूं. हॉपची वेल लावण्यास माझ्या समजुतीप्रमाणें कोणतीही हरकत नाहीं. ती शोभेच्या वेलीसारखी एक वेल आहे. घरीं बिअर करणें ही मात्र अगदीं निराळी गोष्ट. मुंबई शहरांत १ ऑगस्ट १९३९ रोजीं दारूबंदी पुकारली गेली; पुढें १९४९ चा दारूबंदी अधिनियम आला. त्यानंतर पिण्याविषयींचे निर्बंध पुष्कळ सैल झाले, आणि त्यामुळें लोकांचा असा समज झाला कीं, तो कायदाच आतां नाहीं. तो आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नांवानें तो चालूं आहे, आणि त्याच्या ६५ व्या कलमाखालीं परवान्यावांचून मद्य तयार करणें हा गुन्हा आहे. स्वतःपुरतें केलें, विकलें नाहीं, ही सबब चालत नाहीं. पिण्याचा परवाना खिशांत असला तरी त्यानें करण्याचा अधिकार मिळत नाहीं. मुलें जीं पुस्तकें वाचतात तीं बहुधा इंग्लंड-अमेरिकेंतलीं असतात. इंग्लंडांत घरगुती बिअरवरचें परवान्याचें बंधन १९६३ सालीं उठलें, अमेरिकेंत १९७८ च्या कायद्यानें तिला मुभा मिळाली. तेथील लेखक त्यामुळें कायद्याचा शब्दही काढीत नाहींत, आणि इकडचा वाचक समजतो कीं, सगळीकडे असेंच असणार.

बाईंच्या मनांत हातभट्टीची भीति आहे, तीही निराधार नाहीं. गूळ व नवसागर यांची ती दारू गिरणगांवानें पुष्कळ पाहिली. आणि २०१५ च्या जूनमध्यें मालाडच्या मालवणी वस्तींत विषारी दारूनें शंभरावर माणसें दगावलीं, हें आपण विसरलों नसूं. तेथें प्राण घेतला तो मिथिल अल्कोहोलनें. जवाच्या बिअरमध्यें ऊर्ध्वपातन नसतें, म्हणून त्या प्रकारचा धोका तिच्यांत नाहीं. दोन्हीं गोष्टी एकच मानणें बरोबर नव्हे. परंतु कायदा दोन्हींनाही परवाना विचारतो. मुलाला या विद्येची खरीच आवड असेल तर पुण्या-मुंबईंत परवाना घेतलेल्या लहान भट्ट्या आतां आहेत, आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या माणसाला तेथें काम असतें.

आतां दुसरा प्रश्न : वेल जगेल काय? परदेशी झाडें रुजविण्याचा खटाटोप शिवडीला नवा नाहीं. ‘ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था १८३० च्या सुमारास निघाली, आणि तिची बाग शिवडीलाच होती. पुढें ती जागा दफनभूमीसाठीं घेतली गेली व बागेनें भायखळ्यास स्थलांतर केलें. १८६२ सालीं उघडलेली राणीची बाग, म्हणजे आजचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, हा त्याच प्रयत्नाचा पुढचा भाग. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमींत आज जे जुने वृक्ष उभे आहेत, त्यांच्याखालून जातांना ही एके काळीं प्रयोगाची बाग होती हें ध्यानांत येत नाहीं.

हॉपची गोष्ट मात्र इतर परदेशी झाडांसारखी नाहीं. गुलमोहर मादागास्करहून आला आणि येथलाच होऊन गेला, कारण तो मूळचा उष्ण कटिबंधांतला. हॉपची अडचण उष्णतेची थोडी आणि दिवसाच्या लांबीची फार आहे. ही वेल दिवस मोजते. दिवस पंधरा-सोळा तासांचा असेपर्यंत ती नुसती चढत राहते. दिवस त्याहून लहान होऊं लागला कीं, हिवाळा जवळ आला असें समजून ती फुलावर येते. म्हणून तिचे मोठे मळे ३५ ते ५५ अक्षांशांच्या पट्ट्यांत आहेत : जर्मनींतील हालरटाउ, बोहेमियांतील जाटेट्स, इंग्लंडचा केंट परगणा, अमेरिकेंतील याकिमाचें खोरें. केंटमध्यें जूनअखेरचा दिवस साडेसोळा तासांचा असतो. शिवडी १९ अक्षांशावर. आपला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा व सर्वांत लहान अकरा तासांचा. म्हणजे हॉपच्या हिशेबानें येथें बारा महिने हिवाळा तोंडावर आलेला! परिणाम असा होतो कीं, वेल कमरेएवढी किंवा पुरुषभर झाली न झाली तोंच तिला फुलें येतात. पोरवयांत संसार पडलेल्या मुलीसारखी तिची वाढ तेथेंच खुंटते, आणि शंकु येतात ते मूठभर.

आपल्या देशांत हॉप झाला तो याच कारणानें हिमालयांत. एडवर्ड डायर यानें १८५५ च्या सुमारास कसौलीस भट्टी घातली. काश्मीरच्या महाराजा रणबीरसिंहांनीं सोपोरजवळ दुबगामला हॉपची बाग करविली. आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत हिमाचलांतील लाहौल खोऱ्यांत, दहा हजार फुटांच्या आसपास, शेतकरी हॉप पिकवूं लागले. लाहौलचा उन्हाळ्यांतला दिवस आपल्याहून तासभर मोठा आणि हिवाळा बर्फाचा.

बर्फाच्या हिवाळ्यावांचून हॉप फुलत नाहीं, असें पुष्कळ वर्षें शिकविलें जात असे. खरें असतें तर आपण विषय येथेंच मिटविला असता, कारण मुंबईचा आजवरचा नीचांक म्हणजे जानेवारी १९६२ मध्यें सांताक्रूझला नोंदलेले ७.४ अंश; गोठणें तर दूरच. परंतु २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनानें दाखविलें कीं, थंडीची ती अट आवश्यक नाहीं. प्रकाशाचे तास बरोबर दिले तर वेल थंडीवांचूनही चांगली फुलते. फ्लोरिडाच्या उष्ण प्रदेशांत रात्रीं दिवे लावून हॉप काढण्याचे प्रयोग याच धोरणानें झाले. तेव्हां शिवडीच्या गॅलरींत वेल जगेल काय, याचें उत्तर होय. आणि फुलेल काय, याचें उत्तर : दिवा लावाल तर.

हें कसें साधावें तें थोडक्यांत सांगतों. बीं पेरूं नये. बीं रुजावयास आधीं महिना-दीड महिना ओलसर ठेवून शीतकपाटांत ठेवावें लागतें, आणि इतकें करून निम्म्या वेली नर निघतात. मादी वेलीचें मूळकांड मिळवावें. तें पुदिन्यासारखें जमिनीखालून सरपटणारें असतें. परदेशांतून टपालानें मात्र मागवूं नये. २००३ सालच्या वनस्पति-संगरोध आदेशाप्रमाणें त्याला आयातीचा परवाना व रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि हा नियम जाचक वाटला तरी योग्य आहे. परक्या मातींतली कीड एकदां उतरली कीं, ती परत जात नाहीं. हिमालयाकडील रोपवाटिकांतून चौकशी करावी.

लावण्याची वेळ नोव्हेंबरची. पावसाळ्यांत लावूं नये. नाशिकच्या द्राक्षबागाइतदारांना भुरी आणि केवडा या दोन रोगांनीं जें छळलें आहे, तेंच दोन्हीं प्रकारचें दुखणें हॉपलाही होतें, आणि आपल्या चार महिन्यांच्या दमट हवेंत पान वाळतच नाहीं. कुंडी लहान चालत नाहीं. पन्नास लिटरचें पिंप घ्यावें, बुडाशीं भोंकें पाडावींत, मातींत शेणखत व थोडी वाळू मिसळावी. गॅलरी पूर्वेची असल्यास उत्तम : सकाळचें ऊन मिळतें आणि दुपारचा ताप टळतो. शिवडीच्या पूर्वेला खाडी, चिखलवट आणि खारफुटी. हिवाळ्यांत तेथें रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात तेव्हां गॅलरींतून तें दृश्य रम्य दिसतें, पण त्याच बाजूनें येणारा खारट वारा कोंवळीं पानें करपवितो. खालच्या बाजूस गोणपाटाचा आडोसा करावा, आणि आठवड्यांतून एकदां पानें गोड्या पाण्यानें धुवावींत. फेब्रुवारीनंतर हवा कोरडी-गरम झाली कीं, पानांच्या मागच्या बाजूस लाल कोळी धरतो. तोही या धुण्यानें आटोक्यांत राहतो.

चढविण्यासाठीं काथ्याची दोरी बांधावी. नायलॉनवर वेलीचे केस धरत नाहींत. आणि येथें एक मौज सांगण्यासारखी आहे. केंट व याकिमाच्या मळ्यांतही हॉप चढवितात तो पुष्कळ अंशीं काथ्याच्या सुंभावरच, आणि तो काथ्या तिकडे जातो भारत-श्रीलंकेच्या किनाऱ्यावरून. ज्या माडाची माडी हॉपच्या बिअरनें मागें टाकली, त्याच माडाच्या सोडणावर हॉप उभा आहे.

दिव्याचें काम सोपें, पण नेमाचें आहे. नोव्हेंबरांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दिवेलागणीपासून रात्रीं साडेदहा-अकरापर्यंत वेलीवर एक पांढरा एल्.ई.डी. दिवा ठेवावा, म्हणजे तिच्या हिशेबीं दिवस सोळा तासांचा होतो. एकही रात्र चुकवूं नये. मधले चार-सहा दिवस अंधाराचे गेले तर ती फुलावर येण्याच्या तयारीस लागते. वेल छतापर्यंत पोंचली, तिच्या बाजूंनीं फांद्या फुटल्या, कीं दिवा बंद करावा. मग ती आपोआप फुलते, आणि पुढें दीड-दोन महिन्यांत शंकु भरतात. पहिल्या वर्षीं फार अपेक्षा धरूं नये. थंड मुलखांतील पोसलेली वेल अर्धा-एक किलो वाळलेला हॉप देते. गॅलरींतल्या वेलीपासून पन्नास ग्रॅम मिळाले तरी मुलानें पाठ थोपटून घ्यावी.

शंकु तयार झाला कीं नाहीं हें डोळ्यांपेक्षां बोटांना चांगलें कळतें. कच्चा असतांना तो दाबल्यास दबलेलाच राहतो. पिकला कीं कागदासारखा चुरचुरतो व पुन्हां फुगतो, आणि बोटांना पिवळी धूळ लागते. ते तोडून सावलींत, पंख्याखालीं वाळवावेत; ओल्या शंकूंत पांचांतले चार भाग पाणीच असतें. बिअरच्या वाटेला न जातांही त्यांचें काय करावें, असें बाई विचारतीलच. युरोपांतल्या जुन्या गृहिणी हॉपचा काढा करून त्यांत उकडलेला बटाटा व पीठ कालवीत आणि त्या आंबवणावर पाव फुगवीत. हॉपमुळें आंबवण नासत नसे. गोव्याचे पोदेर हेंच काम माडाच्या सुरेनें करीत. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीधराला या दोन आंबवणांची तुलना करावयास एक आख्खा हिवाळा पुरणार नाहीं, आणि पाव भाजतांना मद्यार्क बहुतेक सारा उडून जात असल्यामुळें आजीच्या घरांत तो खातां येईल.

एक सूचना राहिली. घरांत किंवा शेजारीं कुत्रा असेल तर हॉपचे शंकु, आणि विशेषतः उकळून टाकलेला चोथा, त्याच्या तोंडीं लागूं देऊं नये. माणसाला निरुपद्रवी असलेल्या या वस्तूनें कुत्र्याच्या अंगांत एकाएकीं तीव्र ताप चढतो आणि त्याच्या जिवावर बेततें. चोथा पिशवींत घट्ट बांधून त्याच दिवशीं कचऱ्याच्या गाडींत द्यावा.